मध्ययुगीन इटालियन कविता : मुळातून वाचायची आणि शिकवायची कशी?

साक्षेपी

दान्तेवर मराठीत जे लेखन दिसते ते बहुतेक इंग्रजी अनुवादावरून केलेले असते. मूळ इटालियन ओळींना हात घालायचा तर काय करावे, आणि चारदोन जणांचा गट घेऊन शिकवायचे तर कसे, यासाठी हा धागा.

आधी आवाका. साधारण १२३० ते १३७४. एका टोकाला सिसिलीत सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्या दरबारातले कवी, दुसऱ्या टोकाला पेत्रार्काचा मृत्यू. मध्ये बोलोन्याचा ग्विनित्सेल्ली, फ्लॉरेन्सचे कावाल्कान्ती आणि दान्ते, उंब्रियातले फ्रान्सिस आणि याकोपोने, सिएनाचा चेक्को आन्जोलिएरी.

आधुनिक इटालियन किती यावे? बी-१ पुरते (युरोपीय भाषा-परीक्षांची मधली पायरी; सी-१ ही वरची). त्याखाली असाल तर क्रियापदांची रूपे शोधण्यातच वेळ जाईल. सी-१ ची वाट बघत बसू नका. जुन्या भाषेच्या अडचणी निराळ्या आहेत आणि आधुनिक भाषेत पारंगत झाल्याने त्या आपोआप सुटत नाहीत.

सुरुवात ‘इन्फेर्नो’च्या (दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चा पहिला, नरकाचा भाग) पहिल्या सर्गापासून करू नये. १३६ ओळी, तीन पशू, व्हर्जिल आणि रूपकांचा ढीग. तिथेच गट गळतो. १४ ओळींचे सुनीत घ्यावे. माझी शिफारस दान्तेच्या ‘विता नोवा’ या गद्य-पद्य पुस्तकातले ‘तान्तो जेन्तीले’. पहिल्या चार ओळी देवनागरीत :

तान्तो जेन्तीले ए तान्तो ओनेस्ता पारे
ला दोन्ना मीआ क्वान्देल्ला आल्त्रुई सालूता,
कोन्ये लिंग्वा देवेन त्रेमान्दो मूता,
ए ली ओक्की नो लार्दिस्कोन दी ग्वार्दारे.

एका बैठकीला ९० मिनिटे आणि एकच सुनीत. क्रम असा :

१. दहा मिनिटे फक्त ऐकणे आणि मोठ्याने वाचणे. अर्थ सांगायचा नाही.
२. वीस मिनिटे अक्षरे मोजणे. प्रत्येकाने पेन्सिलीने ओळ तोडायची.
३. अर्धा तास गद्यान्वय. इटलीतल्या शाळांत याला ‘पाराफ्रासी’ म्हणतात. कवितेतले प्रत्येक वाक्य आजच्या गद्य इटालियनमध्ये, कर्ता-कर्म-क्रियापद जागेवर आणून, लिहून काढायचे. मराठी त्यानंतर.
४. वीस मिनिटे टीका : यमके, पुनरुक्ती, कोणत्या जुन्या कवीची सावली आहे.
५. शेवटी दहा मिनिटे पुन्हा वाचन.

तिसरी पायरी गाळून थेट मराठी करायला घेतले की घोटाळे होतात. या सुनिताच्या बाराव्या ओळीत ‘लाब्बिया’ आहे. आजचा विद्यार्थी ‘ओठ’ लिहून मोकळा होतो. इथे तो शब्द चेहऱ्यासाठी आहे. तसेच ‘पारे’ : आजच्या भाषेत ‘वाटते’, इथे ‘उघड दिसते, प्रकट होते’. आणि हा शब्द कवितेत तीनदा येतो, पहिल्या, सातव्या आणि बाराव्या ओळीत. तो चुकला की कविता ‘ती किती सभ्य वाटते बुवा’ इतकी खाली येते. जान्फ्रान्को कोन्तिनी या भाषाशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये याच सुनितावर लिहून हे कायमचे स्पष्ट केले आहे.

बारा बैठकींचा माझा क्रम : दोन बैठका वरचे सुनीत. मग जाकोमो दा लेन्तीनीचे एक सुनीत, फ्रान्सिसचे सूर्यस्तोत्र, ग्विनित्सेल्लीच्या ‘आल कोर जेन्तील’ची पहिली दोन कडवी (पूर्ण कविता साठ ओळींची आहे, हाव धरू नये), कावाल्कान्तीचे ‘की ए क्वेस्ता’, चेक्कोचे एक. मग तीन बैठका ‘इन्फेर्नो’चा पाचवा सर्ग, आणि शेवटी दोन पेत्रार्कासाठी.

---

मंदारमाला

धागा उत्तम, वाचनखूण साठवली. दुसऱ्या पायरीवर सविस्तर लिहिते, कारण मराठी माणसाची गाडी तिथेच रुळावरून घसरते.

आपल्याला वृत्त म्हटले की लघु-गुरू आठवतात. इथे ते पूर्ण बाजूला ठेवा. इटालियन ओळीत अक्षरसंख्या आणि आघात, एवढेच. आपल्याकडचे जवळचे काही शोधायचे तर अभंगाचा अक्षरछंद, पण त्यात आघाताचा नियम नाही.

मुख्य ओळ ‘एन्देकासिल्लाबो’, म्हणजे अकरा अक्षरी. पण खरा नियम अकराचा नाही. खरा नियम असा : शेवटचा आघात दहाव्या अक्षरावर. इटालियन शब्दांचा आघात बहुधा उपान्त्य अक्षरावर असल्याने त्यानंतर एक अक्षर उरते आणि बेरीज अकरा होते. आघात अंत्य अक्षरावर असेल तर ओळ दहातच संपते आणि तरीही ती ‘अकरा अक्षरी’च. ‘इन्फेर्नो’च्या चौथ्या सर्गात ५६, ५८, ६० या ओळी बघा : नोए, रे, फे. तिन्ही दहा अक्षरांच्या. ओळ तुटली आहे असे समजून अक्षर शोधत बसू नये.

दहाव्याशिवाय चौथ्या किंवा सहाव्या अक्षरावर एक ठळक आघात लागतो.

आता मोजणी. ‘इन्फेर्नो’ची पहिली ओळ सोपी :
नेल / मे / द्झो / देल / काम् / मिन / दी / नो / स्त्रा / वी / ता. अकरा, आघात २, ६, १०.

दुसरी :
मी / रि / त्रो / वाई / पेर / ऊ / ना / सेल् / वा‿ओ / स्कू / रा.
‘सेल्वा’चा आ आणि ‘ओस्कूरा’चा ओ मिळून एकच अक्षर. याला ‘सिनालेफे’ म्हणतात. आपण लगेच संधी करायला जातो आणि ‘सेल्वोस्कूरा’ म्हणतो. तसे नाही. संधीत दोन स्वरांचा तिसरा होतो, इथे दोन्ही ऐकू येतात, फक्त मोजणीत एक धरले जातात.

तान्तो जेन्तीले :
तान् / तो / जेन् / ती / ले‿ए / तान् / तो‿ओ / ने / स्ता / पा / रे. दोन ठिकाणी जोड.

सातवी ओळ गटाला गृहपाठ द्या : ‘ए पार के सीआ ऊना कोसा वेनूता’. ‘सीआ’ची दोन अक्षरे, त्यातले दुसरे पुढच्या ‘ऊ’ला जोडलेले. आघात ४, ७, १०. ही एक ओळ ज्याला न अडखळता तोडता आली त्याला पुढे फारसे शिकवावे लागत नाही.

उच्चारात मात्र आपण नशीबवान आहोत. इटालियनमधली द्वित्त व्यंजने (‘बेल्ला’, ‘ओक्की’, ‘दिरित्ता’) आपल्याला पक्का, कच्चा, गप्पा यांमुळे फुकट मिळतात. ‘त्स’ आणि ‘द्झ’ चाकातल्या च आणि जहाजातल्या ज इतके जवळ आहेत, आणि ‘चेलो’तला च म्हणजे आपला चिवड्यातला च. हिंदीभाषक मित्रांना हे दोन च वेगळे काढून दाखवावे लागतात.

---

कोरा कागद

एक बाळबोध प्रश्न. इटालियन अजिबात येत नाही आणि या वयात शिकणे होणार नाही. मग माझ्यासारख्याने हा नाद सोडायचा का? आणि हल्ली एआयला ओळ दिली की तो पदच्छेदासकट अर्थ देतो. मग बी-१ तरी कशाला?

---

साक्षेपी

कोरा कागद, नाद मुळीच सोडू नका. फक्त समोरासमोर छापलेली आवृत्ती घ्या, डावीकडे इटालियन आणि उजवीकडे इंग्रजी. यमक जुळवलेला अनुवाद टाळा. इंग्रजीत यमके कमी, म्हणून अनुवादकाला दर तिसऱ्या ओळीला काहीतरी भरावे लागते, आणि ते भरलेले कोणते हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. सिंगल्टनचा गद्य अनुवाद सरळ आहे. फुकट हवा तर लाँगफेलोचा १८६७चा. भाषा जुनी, पण ओळीला ओळ आणि यमक नाही. त्यामुळे बोट ठेवून मूळ शब्द शोधता येतो.

प्रिन्स्टनच्या दान्ते प्रकल्पाच्या संकेतस्थळावर पेत्रोक्की या संपादकाची मूळ संहिता, हॉलंडर दांपत्याचा अनुवाद आणि ध्वनिमुद्रित वाचन आहे. कोलंबियाच्या ‘डिजिटल दान्ते’वर सर्गवार टीका आहे. कुठेही पैसे पडत नाहीत. सर्ग आधी अनुवादात वाचा, मग मूळ ऐका, मग वीसच ओळी बोट ठेवून वाचा.

एआयचे उत्तर अर्धविराम देतील, तो त्यांचा प्रांत.

---

अर्धविराम

>> मग बी-१ तरी कशाला?

कारण उत्तर चुकले आहे हे ओळखण्यापुरती तरी भाषा यावी लागते. भाषा-प्रतिमाने या कवितेत तीन प्रकारे घसरतात.

पहिला प्रकार, गुपचूप आधुनिकीकरण. ‘ओन्ये’चे ‘ओन्यी’, सुटे ‘दे ला’ जोडून ‘देल्ला’. अर्थ तोच, पण तुम्ही संहितेचा अभ्यास म्हणून ते छापून दिले तर पंचाईत. दुसरा, क्रमांक. सर्ग बरोबर आणि ओळ दहावीस इकडेतिकडे, हे नेहमीचे. तिसरा सगळ्यांत वाईट : दान्तेच्या थाटाची, पण दान्तेने कधीच न लिहिलेली ओळ.

तपासणी सोपी आहे. आधी अक्षरे मोजा, दहाव्यावर आघात पडतो का बघा. मग यमक : ‘कॉमेडी’तली ओळ असेल तर तिच्या आगेमागे एक ओळ सोडून यमक जुळलेच पाहिजे. बनावट ओळी बहुधा इथेच पडतात, कारण त्या सुट्या तयार होतात आणि शेजाऱ्यांशी त्यांचे काही नाते नसते. तरीही टिकली तर त्यातले सलग तीन शब्द डार्टमथच्या दान्ते प्रकल्पात शोधा. तिथे दान्तेचा मुलगा याकोपो याच्या १३२२च्या टीकेपासून आजवरच्या सत्तरहून अधिक टीका ओळवार शोधता येतात.

शब्दांसाठी सर्वांत मोठे हत्यार म्हणजे ‘तेसोरो देल्ला लिंग्वा इतालियाना देल्ले ओरिजिनी’, सगळे ‘त्लिओ’ म्हणतात. फ्लॉरेन्सच्या संस्थेचा कोश, पूर्ण मोफत. मर्यादा १३७५पर्यंतचे लेखन, म्हणजे ‘डेकामेरॉन’कार बोकाच्चोच्या मृत्यूपर्यंत. आधुनिक शब्दकोश जुन्या अर्थाला ‘साहित्यिक’ किंवा ‘अप्रचलित’ असा शिक्का मारून शेवटी ढकलतो. इथे तोच अर्थ पहिला, वर उदाहरणे सालवार आणि प्रदेशवार.

अडचण एकच आणि नवशिका तिथे हमखास अडतो : लेखनरूपे. संस्थेच्या मूळ ग्रंथसंग्रहात ‘जेन्तीले’ शोधाल तर उत्तरेकडचे ‘झेन्तील’ सुटेल. ‘ओन्यी’ शोधाल तर दान्तेचा ‘ओन्ये’ आणि फ्रान्सिसचा ‘ओन्ने’ दोन्ही सुटतील. तेव्हा आधी कोशात आधुनिक रूपाची नोंद उघडा, तिच्या डोक्यावर सगळी जुनी रूपे दिलेली असतात, ती उतरवून घ्या आणि मग एकेक शोधा. उलट क्रमाने केले की ‘हा शब्द त्या काळात नव्हताच’ असे खोटे निष्कर्ष निघतात.

---

तिसरी घंटा

साक्षेपींशी अजिबात सहमत नाही. सुनिताने सुरुवात केली तर गट तिसऱ्या बैठकीला झोपतो. चौदा ओळींत एक बाई रस्त्याने जाते आणि सगळे उसासे टाकतात, यात पहिल्यांदा येणाऱ्याने काय बघायचे? ‘इन्फेर्नो’ पाचपासून सुरू करा. १४२ ओळी, मीनोस शेपटीचे वेटोळे घालून शिक्षा ठरवतोय, वावटळ, प्रेमापायी नरकात आलेली फ्रान्चेस्का, शेवटची ‘ए काद्दी कोमे कोर्पो मोर्तो कादे’. कथा आहे, माणसे आहेत. एका बैठकीत अनुवादातून सगळा सर्ग, मग चार बैठका मुळातून. सुनिते नंतर येऊ देत.

आणि चेक्को आन्जोलिएरीला सातव्या आठवड्यापर्यंत का लपवून ठेवायचे? ‘सी फोस्से फोको’ : मी आग असतो तर जग जाळले असते, वारा असतो तर झोडपले असते, मृत्यू असतो तर बापाकडे गेलो असतो. व्याकरण एकाच साच्याचे, ‘असतो तर केले असते’ हे आठ-दहा वेळा. भाषेच्या वर्गाला याहून सोयीचे काही नाही.

---

साक्षेपी

चेक्कोबद्दल मान्य. तो दुसऱ्या आठवड्यात आणायला हरकत नाही. फक्त ‘बिचारा दुःखी तरुण’ असे आत्मचरित्र करून शिकवू नये. शिवराळ, विनोदी पद्य हा तेव्हाचा ठरलेला प्रकार होता, दान्तेनेही फोरेसे दोनातीशी तशी सुनितांची शिवीगाळ केली आहे.

पाचव्या सर्गाबद्दल मात्र मागे हटत नाही. फ्रान्चेस्काचे भाषण बघा. १००, १०३, १०६ या तिन्ही ओळी ‘आमोर’ने सुरू होतात. त्यातली पहिली : ‘आमोर, काल कोर जेन्तील रात्तो साप्प्रेन्दे’, प्रेम कुलीन हृदयाला तात्काळ पेटवते. हे तिचे स्वतःचे वाक्य नाही, ग्विनित्सेल्लीच्या कवितेतला विचार आहे. ती आपल्या वागण्याचे समर्थन त्या काळच्या प्रेमकवितेच्या भाषेत करते आहे. म्हणजे दान्ते इथे एका बाईलाच नव्हे, आपण ज्या कवितेत वाढलो तिलाही नरकात उभी करून बोलायला लावतो. ज्याने ग्विनित्सेल्ली वाचलेला नाही तो फ्रान्चेस्काचे म्हणणे जसेच्या तसे धरतो, तिच्यासाठी डोळे पुसतो आणि पुढे जातो. बहुतेक वर्गांत हेच होते.

---

तिसरी घंटा

होऊ दे की! आधी डोळे पुसू दे, पुढच्या बैठकीला ग्विनित्सेल्लीची दोन कडवी हातात ठेवा आणि म्हणा, आता परत वाचा. आधी फसलेला वाचक दुसऱ्यांदा जास्त सावध वाचतो. दान्ते यात्रेकरूही त्या सर्गात मूर्च्छा येऊन पडतोच ना? तुमच्या क्रमात विद्यार्थ्याला उत्तर आधी मिळते आणि प्रश्न नंतर.

---

मंदारमाला

दोघांचे चालू द्या. अवांतर, पण वर्गात हमखास चालणारा एक प्रयोग सांगते : सेस्तीना. दान्तेची ‘आल पोको जोर्नो’. यात यमक नाही, सहा अंत्यशब्द आहेत : ओम्ब्रा, कोल्ली, एर्बा, वेर्दे, पेत्रा, दोन्ना. सावली, टेकड्या, गवत, हिरवे, दगड, स्वामिनी. सहा ओळींची सहा कडवी आणि तीन ओळींची अखेर, एकूण ३९ ओळी.

पहिल्या कडव्यातला क्रम १ २ ३ ४ ५ ६ असेल तर दुसऱ्यात ६ १ ५ २ ४ ३. शेवटचा, पहिला, शेवटून दुसरा, सुरुवातीपासून दुसरा, असे आत आत येत जायचे. तिसऱ्याला हाच नियम दुसऱ्यावर. सहाव्या कडव्यानंतर एकदा आणखी फिरवला तर मूळ क्रम परत येतो, म्हणून कविता तिथे थांबते. ही युक्ती प्रोवांसाल कवी आर्नो दानिएलची, दान्तेने ती इटालियनमध्ये आणली.

गटाला सहा कागदी चिठ्ठ्यांवर शब्द लिहून द्या आणि पुढच्या कडव्याचा क्रम लावायला सांगा. नंतर खुशाल मराठीत सहा शब्द घेऊन दोन कडवी करा. निवड करताना क्रियापदे टाळा. मराठीत वाक्य क्रियापदावर संपते, त्यामुळे ‘आहे’, ‘गेला’ घेतले की सगळे फुकट जमते आणि कसब कळत नाही. नामे घ्या, म्हणजे वाक्य उलटेसुलटे करावे लागेल, आणि दान्तेला काय करावे लागले ते हाताला कळेल.

‘तेर्झा रीमा’, म्हणजे ‘कॉमेडी’ची साखळी-यमकाची त्रिपदी, मराठीत आणतानाही हीच भानगड आहे. अबअ, बकब, कडक जुळवणे आपल्याला अवघड नाही, प्रत्ययांमुळे उलट फारच सोपे आहे. ‘-ला’, ‘-ते’, ‘-ून’ अशी यमके शंभर सर्ग पुरतील आणि शंभर सर्ग कंटाळा आणतील.

---

बोलोन्याकर

उशिरा येतोय. एका गोष्टीचा उल्लेख अजून झाला नाही : तुमच्या हातात जी ओळ आहे ती आली कुठून?

सिसिलीच्या कवींपासून बघू. जाकोमो दा लेन्तीनी दरबारी नोटरी, सुनीत या रचनेचा जनक त्यालाच मानतात. पण त्यांच्या कविता आपल्याकडे तीन मोठ्या जुन्या संग्रहांतून आल्या : एक व्हॅटिकनमध्ये (हस्तलिखित क्रमांक लातिनो ३७९३), दोन फ्लॉरेन्समध्ये. तिन्ही तोस्काना प्रांतात लिहिलेले. नकलाकारांनी उतरवताना भाषा आपल्याकडची केली. परिणाम यमकांवर. सिसिलीच्या भाषेत पाचच स्वर, त्यामुळे ‘अवीरी’ आणि ‘सिर्वीरी’ चोख जुळतात. तोस्कानात त्याचे ‘आवेरे’ आणि ‘सेर्वीरे’ झाले आणि यमक मोडले. पुढच्या तोस्कानी कवींना वाटले की थोरांनी असे ए-ई जुळवलेले चालते, आणि तेही तसे करू लागले. त्याला ‘सिसिलियन यमक’ असे नावच पडले. ‘इन्फेर्नो’च्या दहाव्या सर्गात ‘नोमे’, ‘कोमे’ यांच्याशी ‘लूमे’ जुळवलेले आहे ते यातूनच. वर्गात जाकोमो शिकवताना मोडकी यमके दिसली की ‘कवी कच्चा होता’ असे कोणीतरी म्हणतेच, म्हणून हे पहिल्याच दिवशी सांगावे.

दान्तेच्या हस्ताक्षरातली एक ओळही उरलेली नाही. ‘कॉमेडी’ची सुमारे आठशे हस्तलिखिते आहेत. साल लिहिलेल्यांत जुनी म्हणजे पिआचेन्झाची १३३६ची आणि मिलानची १३३७ची, दोन्ही कवीच्या मृत्यूनंतर पंधरा-सोळा वर्षांनी. बोकाच्चोने स्वतः तीनदा पूर्ण नक्कल केली आणि करताना वेगवेगळ्या प्रतींतले पाठ मिसळले. म्हणून जॉर्जो पेत्रोक्कीने १९६६-६७च्या आवृत्तीसाठी बोकाच्चोच्या आधीच्या २७ प्रतीच आधार धरल्या. आज जवळपास सगळीकडे हीच संहिता दिसते.

तेर्झा रीमाचा एक फायदा नकलाकारांच्या संदर्भात कळतो. प्रत्येक त्रिपदीची मधली ओळ पुढच्या त्रिपदीला यमक देते. त्यामुळे मध्ये तीन ओळी घुसवल्या किंवा गाळल्या की साखळी तुटते आणि ते दिसते. १४,२३३ ओळी इतक्या निर्वेध पोहोचल्या त्यामागे हे एक कारण आहे. पण शब्दाला ते संरक्षण नाही. पहिल्या सर्गाची ४८वी ओळ घ्या : सिंह असा आला की हवा ‘तेमेस्से’ की ‘त्रेमेस्से’, घाबरली की थरथरली? अक्षरे तेवढीच, यमक तेच. १९२१च्या आवृत्तीत पहिला पाठ, पेत्रोक्कीत दुसरा. लाँगफेलोच्या मागे जुनी संहिता आहे आणि तुमच्या डाव्या पानावर नवी. अनुवाद आणि मूळ जुळत नाही असे वाटले तर अनुवादकाला दोष देण्यापूर्वी हे तपासा.

ज्ञानेश्वरीची एकनाथी प्रत आणि राजवाडे प्रत हा वाद ज्यांना ठाऊक आहे त्यांना पाठभेद म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मराठी गटात मी तिथूनच सुरू करतो. मात्र ‘ज्ञानदेव आणि दान्ते समकालीन’ या वाक्यावरून फार उड्या मारू नयेत. ज्ञानेश्वरी १२९०ची, ‘विता नोवा’ त्यानंतर दोन-चार वर्षांनी, एवढे खरे. दोघांनी लोकभाषा निवडली हेही खरे. पण दान्तेने लोकभाषेची बाजू मांडणारा ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला, आणि तोही दुसऱ्या खंडाच्या चौदाव्या अध्यायात मध्येच सोडला.

---

कोरा कागद

बोलोन्याकर, भारी. मुंबईत एशियाटिक सोसायटीत दान्तेची पोथी आहे म्हणतात, ती यातलीच का?

---

बोलोन्याकर

हो, फोर्टातल्या टाउन हॉलमध्ये, एल्फिन्स्टनच्या देणगीतून आलेली. मुसोलिनीने तिच्यासाठी मोठी रक्कम देऊ केली आणि सोसायटीने नकार दिला ही हकीकत वर्तमानपत्रांत दर काही वर्षांनी उगवते. वर्गासाठी मात्र तिच्यावर अवलंबून राहू नका. हस्तलिखित कसे दिसते हे दाखवायचे तर व्हॅटिकन ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर उत्तम छायाचित्रे आहेत.

त्यात लातिनो ३१९५ उघडा. पेत्रार्काचा ‘कान्झोनिएरे’, ३६६ कविता, काही भाग त्याच्या हातचा, बाकीचा त्याच्या देखरेखीखाली जोव्हान्नी माल्पागीनीने लिहिलेला. दान्तेबाबत जे नाही ते इथे आहे, खुद्द कवीची मांडणी. सुनीत चौदा ओळींत नाही, सात ओळींत आहे : एका ओळीत दोन चरण, डावीकडून उजवीकडे वाचायचे. सेस्तीना मात्र स्तंभांत वरून खाली. विद्यार्थ्यांना न सांगता पान द्या आणि वाचायला लावा. निम्मे लोक सुनीतही स्तंभात वाचतात आणि अर्थ लागेनासा होतो. ९०व्या सुनितात ‘सोनेरी केस वाऱ्यावर पसरले होते’ ही ओळ शोधा : तेव्हा लोपचिन्ह (ॲपॉस्ट्रफी) लिहीत नसत, त्यामुळे वारा (‘ल’आउरा’) आणि त्याची प्रेयसी लाउरा पानावर अक्षरशः एकच दिसतात. छापील आवृत्तीत संपादकाने ते चिन्ह घालून तुमच्या वतीने निवड केलेली असते.

लातिनो ३१९६ हा त्याचा कच्चा खर्डा. खाडाखोड आणि कडेला लॅटिनमध्ये तारखांसकट नोंदी. वेळ असेल तर एकच पान, वाचता आले नाही तरी.

आणि बोलोन्याबद्दल न लिहिता कसा राहू? १२६५पासून इथे कायदा होता की वीस लिरांवरचे करार सरकारी वह्यांत नोंदवायचे. नोंदींमध्ये कोरी जागा सुटली तर कोणी मागाहून काही घुसडेल, म्हणून नोटरी ती जागा कवितांनी भरत. दान्तेच्या कवितेचा सर्वांत जुना पुरावा तिथलाच आहे : गारिसेन्दा मनोऱ्यावरचे सुनीत, १२८७. ‘दोन्ने कावेते’ ही मोठी कविताही १२९२च्या वहीत सापडते, म्हणजे ‘विता नोवा’ पुरे होण्याआधीच ती गावोगाव पोहोचली होती.

---

तिसरी घंटा

हे म्हणजे सातबाराच्या कडेला लावणी. मी माझा क्रम बदलतोय : पहिल्या दिवशी ही नोटरीची वही, मग चेक्को, मग फ्रान्चेस्का. साक्षेपींचे सुनीत तरीही पाचवे.

---

साक्षेपी

चालेल, फक्त तिथे पोहोचा!

व्याकरणाचा एक मुद्दा राहिला, तो टाकतो. ‘तान्तो जेन्तीले’ची नववी ओळ ‘मोस्त्रासी’ने सुरू होते. आज ‘सी मोस्त्रा’ म्हणतील. जुन्या इटालियनमध्ये ‘सी’, ‘मी’, ‘ला’ यांसारखी आघातहीन सर्वनामे वाक्याच्या आरंभी येऊ शकत नाहीत, ती क्रियापदाच्या शेपटीला लागतात. भाषाशास्त्रात याला टोब्लर-मुसाफिया नियम म्हणतात. पाचव्या ओळीत मात्र ‘एल्ला सी वा’, कारण आधी ‘एल्ला’ आहे. ही जोडी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली की नियम पाच मिनिटांत होतो आणि पुढे ‘कॉमेडी’त ‘वास्सेने’सारखी रूपे शब्दकोशात शोधावी लागत नाहीत.

---

अर्धविराम

गटासाठी पीडीएफ बनवतोय. ‘तान्तो जेन्तीले’ काही ठिकाणी ‘विता नोवा’चा २६वा अध्याय दिसतो आणि काही ठिकाणी १७वा. कोणता धरू?

---

बोलोन्याकर

दोन्ही लिहा. २६ हा बार्बीच्या आवृत्तीचा, त्यात ४२ अध्याय. १७ हा गोर्नीच्या १९९६च्या आवृत्तीचा, त्यात ३१. जुने लेख आणि बहुतेक संकेतस्थळे बार्बीवर चालतात, नवे इटालियन लेख बरेचदा गोर्नीवर. पीडीएफमध्ये प्रत्येक कवितेची पहिली ओळही शीर्षकात ठेवा, ती कुठल्याही आवृत्तीत बदलत नाही. आणि कडेला चार बोटे समास सोडा, अक्षरे मोजायला जागा लागते.